एक्केचाळिसावी कालवड

मोंतोंग तेरेप गावच्या सामायिक गोठ्यात एक्केचाळीस कालवडी होत्या. त्यांतली कोणती वाळलेली, कोणती बरी आणि कोणती माजलेली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ही माहिती कुठंही लेखी नव्हती. त्यामुळे जिल्हा पशुपालन कार्यालयाच्या दृष्टीनं ती माहितीच नव्हती.

लोम्बोक बेटावर चोर फार, म्हणून गुरं घरापाशी कुणी बांधत नाही. सगळ्या गावाची गुरं एकाच लांबलचक गोठ्यात. खुंटा ज्याचा त्याचा, राखण पाळीपाळीनं. या एक्केचाळीस कालवडी सरकारनं गेल्या साली सांभाळायला दिलेल्या, तेव्हा त्या शेळीएवढ्या होत्या. करार साधा होता: पहिलं वासरू सरकारला परत, मग कालवड तुमची. सगळ्या एकाच जातीच्या, तांबूस अंगाच्या, चारी पायांत पांढरे मोजे आणि ढुंगणावर पांढरा गोल ठिपका. एका शाळेच्या पोरी गणवेशात उभ्या कराव्यात तशा. मालकाशिवाय कुणाला कुणी ओळखू आली नसती.

त्यांतली एक, चंपाका, अमाक साहनिमची. या गावात पहिलं मूल झालं की आईबापांची स्वतःची नावं गळून पडतात. साहनिम जन्मली त्या दिवसापासून बाप झाला अमाक साहनिम आणि आई इनाक साहनिम. अमाक साहनिम पन्नाशीचा, पण अंगात खोडी अशी की बारशाला जेवलेली माणसंही त्याच्यापासून चार हात लांब बसत. एकदा त्यानं आपला कोंबडा मतदार यादीत घातला होता. कोंबड्याला मतदानाची चिठ्ठी आली, वर पत्ता बरोबर नसल्याबद्दल समजही आली.

खोड्या नवऱ्याकडं आणि कालवड बायकोकडं, अशी त्या घरात कामाची वाटणी होती. इनाक साहनिम रोज सकाळी चंपाकाच्या पाठीवरून, फासळ्यांवरून शेपटीच्या बुडापर्यंत पालथा हात फिरवायची. हाडं हाताला लागली की बांधावरच्या हादग्याच्या पाल्याची एक पेंढी जास्त. नाही लागली की नेहमीची. आणि पोरगी जरा जास्तच गोल व्हायला लागली की पुढं भाताचा पेंढा टाकायचा आणि म्हणायचं, "खा आता हे, महाराणी." या दोघांनी जन्मात स्वतःचं जनावर पाळलेलं नव्हतं. चंपाका पहिलीच. पुढच्या साली व्यायली की ती त्यांची होणार होती, आणि इनाक साहनिम ते दिवस बोटांवर मोजत होती.

अशा परिस्थितीत कार्यालयाला जाग आली.

बापाक दारसोनो, म्हणजे दारसोनो साहेब, हे अधिकारी शहरातून आले ते हातात टॅब, पायात कोरे बूट आणि काखेत प्लास्टिकमध्ये मढवलेला तक्ता घेऊन. गावकरी बेरुगाकवर, म्हणजे खांबांवरच्या गवती छपराच्या ओट्यावर जमले. कॉफी आली. साहेबांनी तक्ता टांगला. त्यावर पाच गाई होत्या. पहिली म्हणजे चालता सांगाडा, पाचवी म्हणजे फुगवलेला फुगा.

"याला म्हणतात शरीरस्थिती गुणांकन," दारसोनो साहेब म्हणाले. "पद्धत जगभर सिद्ध झालेली आहे. जनावराच्या पाठीवर, फासळ्यांवर, शेपटीच्या बुडाशी हात ठेवायचा. हाडं किती लागतात ते बघायचं. त्यावरून एक ते पाच गुण. आणि गुण बघून खुराक कमी-जास्त."

"हे तर माझी बायको रोज करते," अमाक साहनिम म्हणाला.

"त्यांनी प्रशिक्षण घेतलंय?"

"नाही."

"मग हे ते नव्हे."

अमाक साहनिमनं कान पकडले. इनाक साहनिम मागं बायकांत बसली होती, ती म्हणाली, "बरं झालं साहेब, सांगितलंत. वर्षभर मी उगाच हात फिरवत होते."

साहेबांनी नियम वाचून दाखवले. ज्या कालवडीला दोनपेक्षा कमी गुण, तिला दर आठवड्याला एक पोतं सरकारी खुराक. दोन किंवा वर असतील, तिला शाबासकी. नव्वद दिवसांनी पुन्हा तपासणी. आणि जी कालवड लागोपाठ दोन तपासण्यांत दोनच्या खाली राहील, तिच्या पालकाला जनावर सांभाळायची अक्कल नाही असं धरून ती जास्त सक्षम पालकाच्या खुंट्यावर स्थलांतरित केली जाईल.

"म्हणजे साहेब," अमाक साहनिम म्हणाला, "ज्यानं उपाशी ठेवली त्याला पोतं, आणि ज्यानं पोटभर घातलं त्याला टाळ्या?"

"गरज तिथं मदत, हे शासनाचं धोरण आहे."

गावात तेव्हा दोनाच्या खाली जाईल अशी कालवड एकच होती. ती गोठासमितीचे अध्यक्ष अमाक मुर्सिप यांची. अध्यक्षांचं जनावराकडं दुर्लक्ष होतं असं मात्र कुणी म्हणू नये. ते चाऱ्याच्या शिबिरांना, चाऱ्याच्या बैठकांना आणि चाऱ्याच्या परिसंवादांना इतके जात की चारा कापायला त्यांना वेळच मिळत नसे. त्यांच्या कालवडीच्या फासळ्या पलीकडच्या बांधावरून मोजता यायच्या.

त्या दिवशी घरी जाताना अमाक साहनिम गालातल्या गालात हसत होता. बायकोनं ते बघितलं आणि त्याला वाटेतच अडवलं.

"काय शिजतंय डोक्यात?"

"अगं, एक कालवड बारीक आहे. साहेबाला एक्केचाळीस बारीक हव्यात. हिशेब जुळवून द्यायचा, बस."

पहिल्या तपासणीला हिशेब असा जुळला. साहेब गोठ्यात पाय ठेवणार नव्हते, कोऱ्या बुटांमुळे. ते बेरुगाकवर बसणार. समोर बांबूची चौकट. जनावर चौकटीत आणायचं, साहेबांनी मोजा घातलेला हात वरून फिरवायचा, गुण टॅबवर टाकायचे, जनावर केळींच्या मागून गोठ्यात परत. कानाला लावायचे सरकारी बिल्ले मागेच आले होते, पण हरवू नयेत म्हणून ते अध्यक्षांच्या कपाटात कुलूपबंद होते. तेव्हा ओळख म्हणून गळ्यात पुठ्ठ्यावर लिहिलेला नंबर.

पुठ्ठे एक्केचाळीस होते. गळा एकच पुरला.

अध्यक्षांची कालवड चौकटीत आली, हाडं मोजून घेतली, केळींमागं गेली, पुठ्ठा बदलला आणि परत आली. बाराव्या फेरीला दारसोनो साहेबांचा चेहरा उतरला.

"गावाची परिस्थिती फार गंभीर आहे, अमाक."

"काय सांगू बापाक, आम्ही तर रोज बघतो, आमच्या डोळ्यांना सवय झाली."

सव्विसाव्या फेरीला ती बिचारी थकून चौकटीतच बसली. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'अशक्तपणामुळे उभे राहण्यास असमर्थ', आणि त्या नंबरला दीडऐवजी एक गुण दिला. योगायोगानं तो नंबर खुद्द अध्यक्षांचा होता. म्हणजे एक्केचाळीस नोंदींत ही एवढी एकच खरी.

शेवटी चंपाकाच्या नावाचा पुठ्ठा उरला. इनाक साहनिम केळींमागं उभी होती. तिनं नवऱ्याचा हात धरला.

"आपल्या पोरीला आपणच सुकट म्हणून लिहून द्यायचं?"

"कागदावरच गं!"

"अंगावरचं चार दिवसांत भरून येतं. कागदावरचं भरून येत नाही."

"गाव सगळं पोतं घेणार आणि आपण शाबासकी घेऊन बसायचं? शाबासकी गव्हाणीत घातली तर खाईल का ती?"

चंपाका, नंबर एक्केचाळीस, गुण दीड.

आठवड्यानं ट्रक आला. एक्केचाळीस पोती. पुढच्या आठवड्याला परत एक्केचाळीस. गावानं असा खुराक कधी बघितला नव्हता. काही कालवडींना मिळाला, नाही असं नाही. पण त्यातला बराचसा बदकांकडं वळला, कारण बदकांना शरीरस्थिती गुणांकन लागू नव्हतं आणि ती खाल्लेलं लपवत नाहीत. तळ्यातल्या मांगूर माशांना मिळाला. मशिदीच्या इमामांच्या शेळ्यांना एक पोतं गेलं. शाळेचे मास्तर कोंबड्या पाळायचे, त्यांनी शिक्षणक्षेत्राचा वाटा मागितला आणि घेतला. दारात पोतं आहे म्हटल्यावर पहाटे उठून पाला कापायचं लोकांनी सोडलं. हादग्याची झाडं बांधाबांधावर उंच होत गेली आणि त्यांखालच्या कालवडी बारीक होत गेल्या.

अध्यक्षांच्या कालवडीला काहीच घालायचं नाही असं गावानं एकमतानं ठरवलं. पुढं पुन्हा खुराक मागायची वेळ आली तर? "नमुना बिघडता कामा नये," अध्यक्ष म्हणाले. इनाक साहनिम मात्र येता-जाता तिच्यापुढं पाल्याची एक पेंढी टाकायची आणि कुणी बघितलं तर म्हणायची, "हातातून पडली."

आता चंपाकाच्या बाबतीत काय झालं म्हणाल तर काहीच झालं नाही. तिचा रोजचा पाला चुकला नाही, तिच्या पाठीवरचा रोजचा हात चुकला नाही. नव्वदाव्या दिवशी सबंध गोठ्यात बघावंसं वाटेल असं एकच जनावर उरलं होतं.

आणि नव्वदाव्या दिवशी तपासणी होती. आदल्या दिवशी निरोप आला: शासनानं खुराक दिला आहे, तेव्हा प्रत्येक कालवडीत दोन गुणांची वाढ दिसली पाहिजे. दिसली तर गाव तालुक्यात पहिलं. न दिसली तर दोनदा दोनच्या खाली, म्हणजे कालवडी गेल्या.

सगळं गाव अमाक साहनिमच्या दारात.

"अमाक, तूच आता तार."

"मी काय तारणार? तुमच्या कालवडींत वारा भरू?"

"तुझी चंपाका आहे ना!"

अमाक साहनिमनं मिशीवरून हात फिरवला. आपली खोडी पहिल्यांदा कामाला आली की माणसाला ती कला वाटायला लागते. तो आत गेला. इनाक साहनिम भात गाळत होती.

"ऐकलं सगळं," ती मान वर न करता म्हणाली. "चाळीस फेऱ्या मारून पोरीचे पाय दुखतील."

"पण एक्केचाळिसावी तिची स्वतःची. दीडाचे साडेतीन होतील. कागदावरचं भरून येईल बघ."

ती भात गाळत राहिली. पण दुसऱ्या दिवशी चंपाकाला आंघोळ तिनंच घातली.

चंपाका चौकटीत आली. साहेबांनी हात ठेवला आणि त्यांच्या तोंडून "वा!" निघालं. साडेतीन. केळी, पुठ्ठा, चौकट. साडेतीन. केळी, पुठ्ठा, चौकट. पंधराव्या फेरीला साहेब भारावून उभे राहिले.

"काय हा एकसारखेपणा! इतर गावांत एक जाड, एक रोड. इथं बघा. हात फिरवला की जणू तीच!"

"एकाच गोठ्यात वाढल्या साहेब. एकमेकींचं बघून खातात," अध्यक्ष म्हणाले.

तेविसाव्या फेरीला चंपाकानं साहेबांचा हात चाटला.

"ही मला ओळखते असं वाटतं."

"चांगला अधिकारी जनावराला लगेच कळतो, बापाक," अमाक साहनिम म्हणाला, आणि मागं चौघांना खोकल्याची उबळ आली.

चाळीस झाल्या. चाळीस पास. चंपाका पुन्हा केळींमागं गेली. इनाक साहनिमनं तिला पाणी पाजलं, कपाळावरची माती पुसली आणि तिच्या स्वतःच्या नंबरचा पुठ्ठा तिच्या गळ्यात स्वतःच्या हातानं बांधला. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. साहेब उठून उभे राहिले, फोनवरच वाकले, "हो सर, चाळीस सर, नाही सर, सगळ्याच सर," म्हणाले आणि मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले.

फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळ पुसलं.

"अडचण झाली. वर म्हणतात, शंभर टक्के यश कुठंच येत नसतं. शंभर टक्के दिसलं की लेखापरीक्षण लागतं. दुसऱ्या जिल्ह्याचे लोक येतात, गोठ्यात शिरतात, एकेका जनावराला हात लावून बघतात."

कॉफीचा पेला कुणीतरी हळूच खाली ठेवला.

"मग?" अध्यक्षांनी विचारलं.

"एक नापास पाहिजे. एक असली की अहवाल खरा वाटतो."

"कोण?"

"चाळीस तर भरून झाल्या. टॅबचं मशीन मागं जाऊ देत नाही."

सगळ्यांनी चौकटीकडं बघितलं. चौकटीत चंपाका उभी होती. उन्हात तिची पाठ तेल लावल्यासारखी चमकत होती.

अमाक साहनिमला आपल्या आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या विनोदावर हसू आलं नाही. "साहेब, हात तर लावा," तो म्हणाला.

साहेबांनी हात लावला. हात लावताना त्यांनी डोळे मिटले. "दीड," ते म्हणाले.

"आत्ता हिलाच..." अमाक साहनिमच्या तोंडात वाक्य आलं आणि त्याच्या लक्षात आलं की ते पुरं करता येत नाही. जी कालवड त्या सकाळी चाळीस जणांच्या नावावर साडेतीन गुणांनी पास झाली होती, ती स्वतःच्या नावावर नापास झाली होती, आणि हे ज्याला सांगावं असा एकही माणूस तिथं नव्हता, कारण सगळ्यांना ते माहीत होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मात्र इथं हात साहेबांचा आणि अवलक्षण अमाक साहनिमचं.

चार दिवसांनी आदेश आला. लागोपाठ दोन तपासण्यांत दोनाहून कमी. पालक अकार्यक्षम. कालवड क्रमांक एक्केचाळीस येत्या सोमवारी गावातल्या सर्वांत सक्षम पालकाकडं स्थलांतरित करावी. सर्वांत सक्षम पालक कोण हे मशीननं काढलं होतं: ज्याच्या कालवडीचे गुण सगळ्यांत जास्त वाढले तो. बाकीच्यांचे दीडाचे साडेतीन. एका माणसाचे मात्र एकाचे साडेतीन. अमाक मुर्सिप, अध्यक्ष, गोठासमिती.

अध्यक्षांचा खुंटा तीन खुंटे सोडून पुढं होता. कालवडीला सतरा पावलांचा प्रवास करायचा होता. त्यासाठी वाहतूक भत्ता मंजूर झाला.

"माझ्याकडं येऊ दे की," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "गोठा तोच, छप्पर तेच. नुसता खुंटा बदलतो."

"आणि खायला कोण घालणार?" इनाक साहनिमनं विचारलं.

"त्याचं प्रशिक्षण आहे पुढच्या महिन्यात. मी जाणार आहे."

इनाक साहनिमनं त्या दिवशी नवऱ्याला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "तू कोंबड्याला माणूस केलंस तेव्हा मी हसले होते. आता माझ्या पोरीला सुकट केलंस. काढ यातून."

अमाक साहनिमनं अपील केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सरकारी कागदावर खरं लिहिलं: 'माझी कालवड धष्टपुष्ट आहे. हात लावून बघा.'

संध्याकाळी गाव पुन्हा दारात. या वेळी कुणी 'तार' म्हणालं नाही.

"अपील मागं घे," एक जण म्हणाला. "तुझी पास झाली की एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. शंभर टक्के. लेखापरीक्षण."

"आमच्या सगळ्यांच्या कालवडी जातील," दुसरा म्हणाला. "एका चंपाकापायी चाळीस!"

"ती बारीकच आहे," तिसरा म्हणाला.

"काय?" अमाक साहनिम ओरडला. "डोळे आहेत का भोकं? चाळीस वेळा हिच्याच पाठीवर तुम्ही..."

"तेव्हा बरी होती. आता उतरली. मी आजच बघितली. नाही रे?"

"उतरली, उतरली," सगळे म्हणाले. अगदी कळवळून म्हणाले. दोघं तर गोठ्यात जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवून आले आणि मान हलवत म्हणाले, "नुसती हाडं रे अमाक. बायकोला सांग, जरा पाला घाल." ते खोटं बोलत आहेत असं त्यांच्या तोंडावर कुठंही दिसत नव्हतं. स्वतःची कालवड पणाला लागली की दुसऱ्याच्या कालवडीच्या फासळ्या हाताला खरोखरच लागायला लागतात.

अपील मात्र दाखल झालं होतं, आणि दाखल झालेल्या गोष्टीचं काहीतरी करावंच लागतं. दारसोनो साहेब नियमांचं पुस्तक घेऊन आले. फेरतपासणीला तटस्थ हात पाहिजे, असं पुस्तकात होतं. साहेबांचा हात चालत नाही, कारण त्यानं आधीच निर्णय दिलाय. अर्जदाराचा चालत नाही. योजनेचा लाभ घेतलेल्या कुणाचाच चालत नाही.

"इमामांचा?" अमाक साहनिमनं विचारलं.

इमामांनी दाढी कुरवाळली. "माझ्या शेळ्या," ते म्हणाले, आणि थांबले. माणूस सच्चा.

"मास्तरांचा?"

मास्तरांच्या कोंबड्या त्याच वेळी अंगणातून जात होत्या. इतक्या जाड झाल्या होत्या की वळताना त्यांना थांबावं लागत होतं.

गावात तटस्थ हात नव्हता. एक्केचाळीस घरं, एक मशीद, एक शाळा आणि एक तळं, सगळ्यांनी खाल्लं होतं. तळ्यातल्या माशांनीसुद्धा.

शनिवारी सकाळी किनाऱ्यावरचा मासेवाला मोटारसायकलवरून भोंगा वाजवत आला. तो परगावचा. त्याला ना कालवड, ना पोतं. अमाक साहनिमनं त्याला रस्त्यातच उतरवला आणि चौकटीपाशी नेला. मासेवाल्यानं हात चंपाकाच्या पाठीवर ठेवला, फासळ्यांवरून शेपटीच्या बुडापर्यंत नेला आणि हसून म्हणाला, "काय गुबगुबीत पोरगी आहे! कुणाची?"

इनाक साहनिम पुढं आली आणि ओढणीनं तिनं डोळे पुसले. गाव हबकलं. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला.

"नोंद करा, साहेब!" अमाक साहनिम नाचायचाच राहिला होता.

"करतो. त्याआधी साक्षीदाराचं मानधन," दारसोनो साहेबांनी पान उलटलं. "नियम आहे. तटस्थ साक्षीदाराला फुकट राबवता येत नाही. पैसे द्यायची तरतूद नाही. तेव्हा योजनेतूनच एक कालवड त्याच्या नावावर."

"कोणती कालवड?" मासेवाल्यानं विचारलं.

"क्रमांक बेचाळीस. गुण साडेतीन."

"आहे कुठं?"

अध्यक्ष आता सावरले होते. त्यांनी मोठ्या मनानं चंपाकाकडं बोट केलं. "ही समज. सोमवारनंतर माझ्याच खुंट्यावर असेल. तपासणीपुरती तुझ्या नावावर उभी राहील. पोतं मात्र दर आठवड्याला तुझ्या घरी. माशांच्या डोक्यांबरोबर कालवून घाल बदकांना, बघ कशी अंडी देतात."

मासेवाल्याच्या घरी बदकं होती. त्यानं चंपाकाकडं पुन्हा बघितलं. हात पुन्हा तिच्या पाठीवर ठेवला. या वेळी तो बराच वेळ ठेवला.

"तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "इथं जरा हाड लागतंय."

"आणि शिवाय," साहेब म्हणाले, "नाव चढल्यामुळं तुम्ही आता लाभार्थी झालात. म्हणजे तटस्थ राहिला नाहीत. साक्ष बाद."

मासेवाला भोंगा वाजवत निघून गेला. त्याच्या मागच्या टोपलीवर एक पोतं होतं.

आज रविवार आहे. उद्या सकाळी नऊला चंपाकाचं दावं सुटणार आणि सतरा पावलांवर बांधलं जाणार. इनाक साहनिम गोठ्यात तिच्यापाशीच बसून आहे. सुटताना पोरगी उपाशी असू नये म्हणून तिनं आजचा पाला दुप्पट आणलाय. अमाक साहनिम सकाळपासून रस्त्यावर उभा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतो. कुणी परका दिसला की हात जोडतो. ज्याचं या गावात काहीही नाही, ज्याला यातून काहीही मिळवायचं नाही आणि ज्याला पाठीवर हात ठेवून हाड आणि मांस यांतला फरक कळतो, असा एकच माणूस त्याला हवा आहे. बाकी तो कुणाला काही मागत नाही.

तुम्ही आहात की. इथवर सगळं वाचलंत, तुम्हाला सगळं माहीत आहे, आणि तुम्ही मघापासून हसताय ते त्या लोकांना, म्हणजे तुम्ही त्यांतले नाही. या. चौकट इथंच आहे. बूट खराब व्हायचं भय नाही, बेरुगाकवरूनच हात पुढं करा.

थांबा, आधी तुमचं नाव सांगा. मानधनाचं चढवावं लागतं, नियम आहे. क्रमांक त्रेचाळीस, गुण साडेतीन, दर आठवड्याला एक पोतं. पोतं कुठं पाठवायचं तो पत्ता मागाहून दिलात तरी चालेल.

हं, आता ठेवा हात. सावकाश. घाई नाही.

लागतात ना फासळ्या?